बेटांवरची सावड

समुद्राला भिणारी माणसं मी पाहिली आहेत, समुद्रावर कविता करणारी त्याहून जास्त पाहिली आहेत. पण समुद्र म्हणजे दोन शिवारांच्या मधला एक जरा मोठा ओढा आणि त्याच्या पलीकडे आपलीच माणसं राहतात, असं ठाम मानून चालणारी बाई अख्ख्या देशात एकच आहे आणि सुदैवाने म्हणा की दुर्दैवाने, ती माझी घरमालकीण आहे. साठी ओलांडलेली, नऊवारीतली, हातावर गोंदण आणि आवाज तीन मजले चढून जाईल असा. पुण्याजवळच्या माणमधल्या त्यांच्या जमिनीवर आता आयटी पार्कच्या काचा चमकतात, आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांची इमारत उभी आहे. तळमजल्यावर त्या, त्यांचा मुलगा आणि सून राहतात, वरच्या मजल्यांवर आम्ही भाडेकरू. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. त्या मात्र आमची नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत पडत नाहीत, गावावरून हाक मारतात. मी लातूर. वरच्या मजल्यावर अकोला राहतो, समोर सांगली आणि तिचा नवरा. "लातूर, टाकी भरून वहातीया, आंदळं हायेसा का?" असा पुकारा झाला की मी ऑफिसची मीटिंग सोडून नळाकडे धावतो. माझी बायको मूळची बार्शीची, पण लग्नाबरोबर मावशींच्या दप्तरी तिचीही बदली लातूरला झाली.

या बेटांच्या नादाची सुरुवात त्यांच्या मुलानेच केली आणि आता तोच कपाळाला हात लावून बसतो. इमारत झाली, दारात गाडी आली, तेव्हा त्याला वाटलं की जन्मभर राबलेल्या आईला जरा जग दाखवावं. त्याने तिला एका यात्रा कंपनीबरोबर अंदमानला पाठवलं. त्या सहलीचा म्होरक्या गळ्यात शिट्टी अडकवून फिरायचा. एक शिट्टी झाली की उतरायचं, दुसरी झाली की फोटो, तिसरी झाली की चला परत बोटीत. मावशींनी ही कवायत थोडे दिवस सोसली. मग एका लहानशा बेटावर त्यांना वांग्यांचं शेत दिसलं आणि त्यात खुरपत बसलेली एक बंगाली बाई दिसली. मावशी आधी बांधावर टेकल्या, मग वाफ्यात उतरल्या, मग पदर खोचून बसल्याच. तिकडे शिट्ट्यांवर शिट्ट्या चालू होत्या. म्होरक्या घामाघूम होऊन शोधत आला, तर मावशींनी वर न बघताच विचारलं, "आरं, तू पोलीस हाईस का मास्तर? ह्यो एक वाफा ऱ्हायलाय. तू जा फुडं." तो हातापाया पडला, रागावला, आणि शेवटी खरंच पुढे गेला. मावशी त्या बाईच्या घरी राहिल्या, पोटभर मासे खाल्ले आणि काही दिवसांनी सरकारी बोटीने, पिशवीत वांग्याचं बी घेऊन परत आल्या. मुलाने विचारलं, "आई, अंदमान कसं हाय?" तर म्हणाल्या, "जमीन बरी हाय. बायका कामाला चांगल्या हायेत."

तेव्हापासून त्या एकट्याच जातात. लंका झाली, मालदीव झालं, बाली झालं, थायलंडकडची कुठलीशी बेटं झाली. काश्मीर, युरोप असले विषय काढले तर नाक मुरडतात. "बर्फात काय पिकतंय? ज्या मुलखात नारळ न्हाई तितं मानूस जाऊन बसनार कुटं?" हा त्यांचा भूगोल आहे, आणि त्यात वाद चालत नाही. तिकिटं काढायचं काम लातूरकडे. त्यांची अट एकच: "ज्या इमानात कोन बसायला मागत न्हाई ते बगा. त्येच सस्तं असतंय." त्यामुळे त्यांचं विमान कधी सरळ जातच नाही. बालीला जाताना त्यांना एका परक्या विमानतळावर दिवसभर ताटकळावं लागणार होतं. मला त्यांची फार काळजी लागून राहिली होती. त्या परतल्यावर कळलं की तेवढ्या वेळात त्यांनी तिथल्या सफाईवाल्या बायकांशी गट्टी केली, त्यांच्या चहात आपली भाकरी बुडवून त्यांना खायला शिकवली आणि लुगडं धुऊन वाळतही घातलं. नऊ वार लांबीला पुरेल एवढा कठडा त्या विमानतळावर होता, याचं कौतुक त्या अजून करतात. व्हिसाच्या अर्जात राहण्याच्या ठिकाणाचा रकाना आला की मी विचारतो, "मावशी, इथं काय लिहू?" त्या म्हणतात, "ल्हिवा, जाऊन बगते." मग कुठल्यातरी हॉटेलचं नाव मीच शोधून घालतो आणि त्या विमानात बसेपर्यंत फोन हातातून खाली ठेवत नाही.

सामानाची बॅग त्यांना माहीत नाही. युरियाच्या गोणीला शेजारच्या शिंप्याकडून पट्टे शिवून घेतले आहेत, ती पाठीवर टाकली की झालं. आत दोन लुगडी, भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेच्याची बरणी. एकदा मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्याने ती बरणी बाहेर काढली आणि ही आत नेता येणार नाही, म्हणून सांगितलं. दुसरं कुणी असतं तर हळहळून फेकून पुढे गेलं असतं. मावशींनी बाजूला बैठक मारली, भाकरी काढली आणि "टाकायचा न्हाई, खायाचा असतुया" असं म्हणत ठेचा संपवायला घेतला. अर्ध्यावर आल्यावर त्यांनी तपासणीवाल्यालाही घास दिला. तो बिचारा उत्तरेकडचा होता. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मागच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, ही म्हातारी कायमची देश सोडून चालली आहे.

पण त्यांची खरी कारागिरी बेटावर उतरल्यावर दिसते. आपण उतरलो की फोन काढून जवळचं लॉज शोधतो. मावशी रस्त्याने चालत सुटतात आणि दारात शेण पडलेलं घर शोधतात. हे शास्त्र त्यांनी मला नीट समजावून सांगितलं आहे. "शेन हाय म्हंजी जनावर हाय. जनावर हाय म्हंजी दूध हाय. दूध हाय तितं च्या हाय, आन् च्या हाय तितं बाई हाय. मंग आपल्याला आनि काय लागतंय?" त्या घरातली बाई जे काम करत असेल, ते काम शेजारी बसून करायला घ्यायचं. भांडी असतील तर भांडी, जाळं असेल तर जाळं. भाषेचा प्रश्न त्यांना कधीच पडलेला नाही. त्या सगळीकडे मराठीच बोलतात, फक्त परदेशात जरा मोठ्याने. दिवस मावळेपर्यंत त्या घरात त्यांना जेवण आणि अंथरूण मिळालेलं असतं. मालदीवला तेवढी त्यांची पंचाईत झाली. "पाक वाळूच वाळू! शेनच न्हाई, तर मानूस पारखायचा कसा?" शेवटी मासळी वाळत घातलेली बघून एका अंगणात शिरल्या आणि तिथून निघताना त्या घरातली पोरं त्यांच्या लुगड्याला लोंबकळत होती. आम्ही नवरा-बायको मध्ये बालीला जाऊन आलो, झकपक हॉटेलात उतरलो, न्याहारीला नाना तऱ्हेचे पदार्थ हाणले. परत आल्यावर मावशींनी एकच विचारलं, "कुनाच्या घरी जेवलासा?" मी म्हटलं, "कुणाच्याच नाही." त्या म्हणाल्या, "म्हंजी गेलाच न्हाई की," आणि आमच्या फोटोंकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता सावड म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माणला येईपर्यंत मलाही ती ठाऊक नव्हती. भातलावणी हे एकट्यादुकट्याचं काम नाही. रोप तयार झालं की ते थांबत नाही, वाढून गेलं की पीक हातचं जातं. म्हणून या भागात आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात राबायचं आणि उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी कुणी देत नाही, कुणी मागत नाही. जो आपल्याकडे आला त्याच्याकडे आपण जायचं, एवढाच कायदा. माणमध्ये आता सावड उरली नाही, कारण भाताची खाचरंच उरली नाहीत. मावशींच्या सावडीतल्या बायका आपापल्या इमारतींच्या गॅलऱ्यांत बसून शेंगा सोलतात आणि भाडेकरूंकडे कोण आलं-गेलं ते बघतात. मावशींचं मात्र एक खाचर शिल्लक आहे. आमच्या इमारतीच्या मागे, चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेलं. एका बिल्डरचा त्यावर डोळा आहे आणि मुलाचा कल बिल्डरकडे आहे. मायलेकांची त्यावरून बरीच भांडणं झाली आणि अखेर ठरलं, की ज्या वर्षी लावणी होणार नाही, त्या वर्षी खाचर बिल्डरला द्यायचं. मावशींनी हे सर्वांदेखत कबूल केलं, आणि त्या दिलेला शब्द मोडत नाहीत. त्या खाचरात त्या नवरी होऊन आल्यावर पहिल्यांदा वाकल्या होत्या. ते गेलं तर आपण इथे भाडेकरूच की, असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

घोटाळा असा, की सावड जगभर चालते अशी मावशींची समजूत होती. बेटांवर त्या फुकट राहत नव्हत्या, सावडीला जात होत्या. लंकेत त्या ज्या घरी उतरल्या तिथे कुसुमा नावाची विधवा बाई होती, तिची भाताची शेती होती आणि नेमकी लावणी चालू होती. मावशी चिखलात उतरल्या आणि काम संपेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. निघताना त्यांनी कुसुमाचा हात धरून सांगितलं, "आता तुमची पाळी. आखाडात या, माजी लावनी असती." कुसुमाने मान डोलावली. मावशींच्या मते तिथे व्यवहार पक्का झाला. माझा फोन नंबर त्या सगळ्यांना देतात, तसा तिथेही देऊन आल्या. पुढे कधीतरी कुसुमाच्या भाचीचा मला इंग्रजीत निरोप आला, की मावशींची लावणी कुठल्या महिन्यात असते. मी जुलै म्हणून कळवलं, पत्ताही पाठवला आणि विसरून गेलो. चांगली माणसं चौकशी करतात, यापलीकडे मला काही वाटलं नाही.

यंदा जुलै आला आणि सगळंच बिनसलं. मावशी बांधावरून घसरल्या आणि गुडघा दुखावला. चिखलात उतरायचं नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पॉवर टिलर फिरवून चिखलणी करून झाली होती, रोप हातभर वाढलं होतं आणि मजूर कुठे मिळत नव्हता. जो मिळे तो बांधकामावर जाऊन आलेला असे आणि चिखल बघून परत जाई. मुलगा वाईट नाही, आईसाठी त्याने खरंच दोन दिवस गावोगाव फोन केले. मग त्याने हात टेकले. "आई, बास आता. ठरल्यालं हाय आपलं." मावशी पलंगावरून म्हणाल्या, "सावड यील." समोरच्या गॅलरीतली बाई, मावशींची जुनी सावडीण, तिथूनच ओरडली, "आगं, तुजी सावड आता इमानानं यायची व्हय?" सगळ्या गॅलऱ्या हसल्या. मला राहवलं नाही. मी खाली जाऊन म्हटलं, "मावशी, परदेशात ही पद्धत नसते. ती माणसं प्रेमाने हो म्हणाली असतील." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आपला वर निघून आलो. पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, हे सुनेने माझ्या बायकोला सांगितलं, आणि मग आम्हालाही घास गोड लागेना.

शनिवारी सकाळी मी गॅलरीत चहा घेत होतो, तर बसथांब्याकडून दोन बायका चिखल तुडवत येताना दिसल्या. रंगीत कापड नेसलेल्या, काटक, डोक्यावर बोचकी. दर इमारतीपाशी थांबायच्या, दारात डोकावायच्या आणि पुढे निघायच्या. आमच्या दाराशी आल्या आणि थांबल्या. गाड्या लावायच्या जागेत मावशींनी मुलाच्या नाकावर टिच्चून गाय बांधली आहे, तिच्यापुढे ताजं शेण पडलं होतं. ते बघून त्यांतली थोरली हसली आणि तिने जी हाक मारली ती अख्ख्या आळीने ऐकली. "मावशी!"

ती कुसुमा होती, आणि बरोबर तिची जाऊ होती. मुंबईला उतरून, रेल्वेच्या जनरल डब्यातून पुण्याला येऊन, विचारत विचारत सिटीबसने माणपर्यंत आल्या होत्या. टॅक्सी केली नव्हती. कशी करतील, गुरू कोण होता! मावशी लंगडत बाहेर आल्या. मला वाटलं होतं, आता मिठ्या पडतील, अश्रू येतील. मावशी म्हणाल्या, "उशीर केलासा! च्या घ्या, रोप वाट बगतंय." कुसुमाला त्यातलं अक्षर समजलं नसावं, पण तिने चहा उभ्यानेच घेतला, कापड गुडघ्यापर्यंत खोचलं आणि खाचरात पाय टाकला.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. मावशी बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या, त्या दोघी वाकून सपासप रोप लावत होत्या आणि चारी बाजूंच्या गॅलऱ्या भरून गेल्या होत्या. मग तीच समोरची बाई तरातरा खाली उतरली. "परक्या मुलखातनं बाया येत्यात आन् आमी हितं शेंगा सोलत बसायच्या व्हय?" तिने कासोटा घट्ट केला आणि उतरली. तिच्या मागोमाग दुसरी, तिसरी. कित्येक वर्षांत ज्यांच्या पायाला चिखल लागला नव्हता त्या बायका एका ओळीत वाकल्या आणि त्यांचे हात आपोआप चालू लागले. सांगली नवऱ्याला घेऊन आली, अकोला हाफ पँटीत आला. बायकोने माझ्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाली, "लातूर, चला." मी उतरलो. मी लावलेली रोपं थोड्याच वेळात पाण्यावर तरंगू लागली. कुसुमाने ती गोळा केली, पुन्हा लावली आणि मला रोपाच्या मुठी उचलून द्यायच्या कामावर नेमलं. तिथे मी बरा चमकलो.

मावशींचा मुलगा बांधावर उभा होता. त्याचा फोन वाजत होता. त्याने फोन पाहिला, आईकडे पाहिलं, फोन खिशात घातला आणि पँट दुमडायला लागला. मावशींनी त्याच्याकडे मान वळवली नाही, फक्त हात मागे करून रोपाची एक मूठ धरली. त्याने ती घेतली आणि चिखलात उतरला. त्याचा हात सगळ्यांपेक्षा वेगाने चालत होता. लहानपणी तो याच खाचरात राबला होता हे आम्हा भाडेकरूंपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

दुपार कलायच्या आत शेवटची मूठ लागली. मावशी खुर्चीला धरून उभ्या राहिल्या, सगळ्या गॅलऱ्यांवरून नजर फिरवली आणि गरजल्या, "बगितली का माजी सावड?" गॅलऱ्या रिकाम्या होत्या, कारण सगळी माणसं खाचरात होती, आणि ती सगळी चिखलाने माखलेल्या हातांनी टाळ्या पिटत होती. त्या दिवशी इमारतीच्या अंगणात जी पंगत बसली, त्यात इंद्रायणीचा भात आणि बोंबलाचं कालवण किती वेळा वाढलं गेलं ते सांगता येणार नाही. कुसुमाने आणि तिच्या जावेने मावशींइतकाच तिखट रस्सा ओरपला. पुढे मावशींनी त्या दोघींना एसटीने जवळच्या कोळवण गावाला नेऊन तिथली भातशेती दाखवली आणि निरोप देताना बसथांब्यावर सांगितलं, "कापनीला येते."

पाहुण्या गेल्यावर मावशी हिशेबाला बसल्या. हिशेब त्यांच्या डोक्यातच असतो. गॅलऱ्यांतल्या बायकांकडे आता शेत नव्हतं, पण एकीच्या लेकीचं लग्न होतं, तिथे त्या पोळ्या लाटणार होत्या. सांगलीच्या माहेरी द्राक्षबाग होती, तिथे विरळणीला जायचं ठरलं. अकोल्याकडे कापूस वेचायला. मग माझा नंबर लागला. "लातूर, तुमचं शेत कुटं हाय? मी कवा येऊ?"

मी म्हटलं, "मावशी, आमचं शेत नाही. वडील बँकेत होते. आम्ही सगळा जन्म भाड्याच्या घरात काढला."

"मंग मी तुमच्यात राबू कुटं?"

"राहू द्या हो मावशी."

"ऱ्हाऊ द्या कसं? चिखलात उतरलासा की न्हाई?" त्या खरंच रागावल्या. माझ्याकडे यायला त्यांना वाट नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते बघून मलाही फार वाईट वाटू लागलं. जरा वेळाने त्या उठल्या, काठी टेकत खाचराच्या वरच्या अंगाला, जिथून पाणी आत येतं तिथे गेल्या आणि काठीने एक कोपरा दाखवला. "ह्यो तुकडा तुमचा. हितलं भात लातूरचं. तुमी कापायला काडलं की मी येते तुमच्यात."

गणपती गेले आणि मागोमाग मावशीही कुसुमाच्या कापणीला लंकेला गेल्या. गुडघा बरा आहे, असं त्यांनी डॉक्टरांना स्वतःच सांगून टाकलं. त्या नसल्या की इमारत फार शांत असते, टाकी भरून वाहिली तरी कुणी हाक मारत नाही. मी ऑफिसला जाण्याआधी मागे जाऊन माझा कोपरा बघून येतो. भात निसवला आहे, लोंब्या बाहेर पडल्या आहेत. दिवाळीच्या सुमाराला तो कापायला येईल, आणि तोवर मावशी नक्की परत येणार आहेत. माझ्या शेतावर माणूस यायचा आहे, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हणतो आहे.